शेजाऱ्याच्या हातून आलेला वारसा

(बहिणाबाई चौधरी यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ असोदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बहिणाबाईंची बोली कोणती, यावर खान्देशात अजूनही भांडण होऊ शकतं, ही मला चांगली खूण वाटते. पुण्या-मुंबईत कुणी सहज ‘अहिराणी कवयित्री’ म्हणून गेला की इथला माणूस ताठ होतो. ‘अहिराणी नाही हो, लेवा गणबोली!’ असं तो ठणकावतो, आणि त्याचं बरोबर असतं. ज्याने दोन्ही बोली ऐकल्या आहेत त्याला हे समजवावं लागत नाही. गिरणा-पांझरेकडचा अहिराणी माणूस ‘आहे’ला ‘शे’ म्हणतो आणि ‘माझा’ला ‘मना’. आपल्या तापीकाठच्या घरात ‘शे’ चालत नाही. इथे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो, केळीची ‘केयी’ होते. बहिणाबाईंची गाणी कानाला लावा, त्यात हीच चाल लागते. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, पलीकडे बागलाण ही अहिराणीची मोठी दुनिया. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर हा लेवा पट्टा. दोन्ही खान्देशी, दोन्ही सख्ख्या शेजारणी. पण एक नव्हेत.

बोलींच्या वर्गवारीचा हा घोळ आजचा नाही. ग्रिअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तिचा १९०७ साली निघालेला एक खंड भिल्ली भाषांचा आहे. खान्देशी त्याने त्याच खंडात बसवली. तेव्हाच्या कितीतरी शिकलेल्यांना तो कमीपणा वाटला असेल. मला वाटतं, साहेब निदान एका गोष्टीत शहाणा होता: सातपुड्यातली बोली आणि सपाटीवरची बोली एकमेकींच्या अंगाखांद्यावर वाढल्या, हे त्याच्या कानाने टिपलं होतं. आपल्याला मात्र आजही भिल्लाशी नातं सांगताना जड जातं.

आज मला बोलायचं आहे ते संस्थांविषयी. मंडळं, पंचायती, वाचनालयं, प्रतिष्ठानं, समाजाच्या सभा. ज्या मुलखात इतक्या जाती, इतके धर्म आणि इतक्या बोली दाटीने राहतात, तिथे वारसा सांभाळायचं काम सरकारआधी या संस्था करतात. त्या तो कसा सांभाळतात? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खान्देशाचा जो वारसा आज आपल्या हातात शिल्लक आहे, त्यातला पुष्कळसा ज्याचा होता त्याने एकट्याने वाचवलेला नाही. तो शेजाऱ्याच्या हातून आलेला आहे. संस्थेची पारख करायची तर ती आपल्या माणसाचा पुतळा किती उंच बांधते, हे पाहू नका. शेजाऱ्याच्या वस्तूशी ती कशी वागते, हे पाहा.

सुरुवात याच गावच्या लेकीपासून करू. उखाजी महाजन आणि भिमाई यांची ही मुलगी १८८० साली इथे जन्मली, तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरात गेली, तिशीत विधवा झाली. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ती बोलत गेली, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कानावर पडेल ते कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं. अत्रे सासवडचे. त्यांना ना लेवा गणबोली येत होती, ना खान्देशाशी त्यांचं रक्ताचं नातं. पण हे छापलंच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रस्तावनेसह महाराष्ट्राच्या हाती आली. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ती ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्या ओठांवर नेली. जुन्या जळगावातला चौधरी वाडा, जिथे ती आयुष्यभर राबली, तो आणि तिच्या वापरातल्या वस्तू जपण्यासाठी पुढे झालं ते वाकोदच्या भवरलाल जैन यांचं कुटुंब आणि त्यांचं प्रतिष्ठान. मारवाडी जैन कुटुंबाने लेवा घरातल्या बाईचं जातं जपलं. आणि १९९० साली सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचं नाव मिळालं, तेव्हा त्या विद्यापीठात शिकणारा नंदुरबारचा पावरा मुलगाही तिच्या नावाची पदवी घेऊ लागला.

यातला कुठलाही एक हात गळला असता तर? हा प्रश्न भावुकतेने विचारत नाही, हिशेब म्हणून विचारतो. त्याच पिढीत जात्यावर तितक्याच ताकदीने बोलणाऱ्या आणखी बाया असतील. त्यांचा सोपानदेव शिकला नाही किंवा त्याला अत्रे भेटले नाहीत, एवढाच फरक.

१९५२ सालाची आणखी एक गंमत सांगतो. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला भरलं होतं आणि अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे. शब्दांची मुळं खणणारा माणूस खान्देशात अध्यक्ष म्हणून बसला होता, आणि खान्देशच्या मातीतलं सर्वांत अस्सल पुस्तक त्याच साली छापून येत होतं. अमळनेरला पुन्हा संमेलन आलं ते थेट २०२४ साली, तेही दोन: एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही, एकाच गावात, एकाच वेळी. काही लोकांना ती शोभा झाल्यासारखी वाटली. मला नाही वाटली. ज्या गावात दोन मांडव उभे राहू शकतात आणि लोक एका मांडवातून दुसऱ्यात जाऊन बसतात, तिथे वारशाची चर्चा जिवंत आहे.

जळगाव शहरात फिरताना पाट्या वाचा. १८७७ पासूनचं सार्वजनिक वाचनालय वल्लभदास वालजींच्या नावाचं. कॉलेज मुळजी जेठांच्या नावाचं. दोन्ही नावं गुजराती, कापसाच्या व्यापाराबरोबर आलेली. आणि त्या वाचनालयात वाचलं काय गेलं? मराठी. त्या कॉलेजात शिकलं कोण? खेड्यातून आलेली लेवा, मराठा, कोळी, मुसलमान, बौद्ध पोरं. धुळ्याचंही असंच. इतिहासाचार्य राजवाडे कोकणातल्या वरसईचे, आयुष्यभर दप्तरं गोळा करत हिंडले आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात गेले. त्यांच्या मागे उरली कागदांची गाठोडी. धुळेकरांनी ती रद्दीत जाऊ दिली नाहीत. लगेच १९२७ साली संशोधन मंडळ काढलं, जे अजून उभं आहे. दुसऱ्याच्या मुलखातल्या माणसाची कागदपत्रं जपणं ही धुळ्याची पुण्याई. मी तर म्हणेन, खान्देशी असण्याची ही जुनी रीतच आहे.

आता जातीच्या संस्थांकडे येऊ. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे आणि व्याख्यानात टाळ्याही मिळतात. मी ते करणार नाही. लेवा समाजाची भोरगाव पंचायत घ्या, किंवा गुजर, मराठा, कोळी, बंजारा, तडवी, कुठल्याही समाजाचं मंडळ घ्या. सामुदायिक विवाह, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, घटस्फोटाचा तंटा बसून मिटवणं, ही कामं ही मंडळी गाजावाजा न करता करतात. गावातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला पहिली खोली समाजाच्याच ओळखीवर मिळते. लेवा गणबोलीला तिचं नाव परत मिळालं तेही या समाजातल्या अभ्यासकांनी आणि संस्थांनी लावून धरलं म्हणून. अहिराणीचे कोश झाले, संमेलनं भरली, तीही अशाच हौशी, पदरमोड करणाऱ्या माणसांमुळे. डॉ. रमेश सूर्यवंशींसारख्या माणसाने अहिराणीचा शब्दकोश केला तेव्हा त्यामागे कुठलं मोठं अनुदान नव्हतं.

अडचण पुढे येते. ‘ही लेवा गणबोली आहे’ हे वाक्य खरं. ‘म्हणून बहिणाबाई फक्त लेवांची’ हे वाक्य खोटं. पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायला फार वेळ लागत नाही. एखादा जयंतीचा कार्यक्रम, एखादी निवडणूक पुरते. मग व्यासपीठावर कोण बसणार, हार कुणी घालायचा, यावर सभा संपते. तिच्या गाण्यांत खळं आहे, नांगर आहे, वारकरी आहे, सासुरवाशीण आहे; समाजाची पाटी लावून ती कुठेच उभी राहत नाही.

आपल्या भरिताच्या वांग्याचं उदाहरण घ्या. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. असोद्याच्या वांग्याला त्याआधीही जाहिरातीची गरज नव्हती. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, बडगीत ठेचायचं, कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं, ही लेवा घरातली रीत. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असली की मळेकऱ्याचा मुसलमान व्यापारी येतो, तालुक्याचा मारवाडी वकील येतो, शाळेतले देशस्थ मास्तर येतात. कुणी असं म्हणत नाही की भरीत आमचं आहे, तुम्ही खाऊ नका. आणि कुणी असंही म्हणत नाही की भरीत सगळ्यांचंच आहे, लेवांचं त्यात काय! रीत कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि पंगत सगळ्यांची असते. बोलीच्या बाबतीत आपल्याला हे का साधत नाही?

मंडळ हे हत्यार दुधारी आहे, हेही इथे सांगायला हवं. ८ मे १९७० रोजी जळगावात दंगल झाली. भिवंडीच्या पाठोपाठ. चाळीसहून अधिक माणसं मेली, जवळजवळ सगळी मुसलमान. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव, महाड अशी तिन्ही ठिकाणची चौकशी केली, आणि जळगावच्या बाबतीत एका स्थानिक तरुण मंडळाच्या वागण्यावर बोट ठेवलं. मंडळ म्हणजे काय? वर्गणी, कार्यकर्ते, ढोल, मिरवणूक. तेच साहित्य घेऊन कुणी वाचनालय चालवतं, कुणी पेटवापेटवी करतं. या घटनेला पन्नास वर्षं उलटून गेली. जळगावच्या इतिहासाची पुस्तकं निघतात, शहराच्या शताब्दी-सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघतात. त्यांत कापूस असतो, केळी असते, सोनं असतं. हे पान शोधूनही सापडत नाही. वारसा म्हणजे फक्त अभिमानाच्या वस्तू, असं ठरवून टाकलं की असं होतं. अलीकडे, २०२३ साली, एरंडोलच्या पांडववाड्याचा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून न्यायालयात गेला. कायदा आपलं काम करील. त्या वास्तूवर मी निकाल देणार नाही. पण एका जुन्या इमारतीत दोन समाजांच्या आठवणी एकावर एक बसल्या असतील, तर दोन्ही समाजांच्या संस्थांनी निवेदनं देण्याआधी एकदा तरी एकत्र बसून ती इमारत पाहिली होती का, हा प्रश्न मला पडतो. फारुकी सुलतानांनी या खान्देशावर दोनशेहून अधिक वर्षं, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, राज्य केलं. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. आपल्यापैकी किती जण त्या पाहून आले?

शेजाऱ्याची ओळख करून घ्यायचा विचार आपल्याकडे नवा नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. त्यांनी पुढे, १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात, आंतरभारतीची कल्पना मांडली: एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य वाचावं. कल्पना मोठी होती, आणि आपण ती मोठी म्हणूनच दूर ठेवली. बंगाली शिकणं आपल्याला सुसंस्कृत वाटतं. पण चोपड्याच्या, यावलच्या, शिरपूरच्या डोंगरात पावरी बोलतात. शहादा-तळोद्यात घरात गुजरी बोलणारे गुजर आहेत, पाचोरा-चाळीसगावच्या तांड्यांवर गोरबोली आहे. यांतली एक तरी बोली इथल्या सपाटीवरच्या किती शिक्षकांना येते? सातपुड्यातलं मूल शाळेत येतं ते एका परक्या भाषेत बसायला. गुरुजींची आंतरभारती कलकत्त्याला जाण्याआधी चाळीस मैलांवरच्या डोंगरात जायला हवी होती.

तिकडचे लोक वाट बघत बसलेले नाहीत. शहाद्याकडे १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनीसाठी, मजुरीसाठी. त्याच लढ्यातून वाहरू सोनवणे घडले आणि भिल्लीत कविता आली, ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह आला. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीला, तळोद्याकडच्या गुला महाराजांनी आरतीच्या निमित्ताने हजारो भिल्लांना एकत्र आणून दारू सोडवली. बाहेरून आलेल्या कुठल्या समितीने त्यांना ओळख दिली नाही. त्यांनी स्वतः ती रचली. आणि यावल-रावेरच्या पायथ्याचे तडवी भिल्ल पाहा. जमातीने भिल्ल, धर्माने मुसलमान. आपल्या डोक्यातले रकाने त्यांच्यापाशी मोडतात. मुसलमानांच्या सभेत ते आदिवासी ठरतात आणि आदिवासींच्या सभेत मुसलमान. त्यांच्या आजीबाईंची लग्नगीतं कुणी लिहून घ्यायची? दोन्हीकडची मंडळं एकमेकांकडे बोट दाखवतील.

परगावी गेलं की कुंपण कसं सैल होतं, ते कानबाईत दिसतं. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोट भाऊबंदकीचे. घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने गहू मोजायचे, सगळा कुळाचार घरातला. पांगलेले भाऊ त्या दिवशी एका चुलीवर येतात. कित्येक घरांत वर्षाचं वैर कानबाईपुरतं थांबतं. आता हाच खान्देशी माणूस सुरतेला गेला. यंत्रमाग, कापड, हिऱ्याच्या कामाच्या मागे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहू लागला. तिथे भाऊबंद कुठून आणणार? मग गल्लीची कानबाई झाली. सुरतेत, नाशकात, पुण्यात तिच्या सार्वजनिक मिरवणुका निघू लागल्या. शेजारचा उत्तर भारतीय आणि ओडिया माणूस गॅलरीतून पाहू लागला. गावाकडच्या म्हाताऱ्या म्हणतील, हे शास्त्राला धरून नाही. असेल. पण कानबाई टिकली ती अशीच. मला खटकतं ते दुसरंच: मिरवणुकीत डीजे आला आणि कानबाईची गाणी गेली. बाया नाचतात, गात नाहीत. उत्सव वाढला आणि त्याच्या पोटातला शब्द आटला, हे मंडळांना कळलेलंच नाही, कारण मंडळाच्या कार्यकारिणीत गाणारी बाई नसते.

जनगणनेचेही आकडे पाहा. खान्देशी म्हणून २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार लोकांची नोंद झाली होती, २०११ साली ती १८ लाख ६० हजारांवर आली. माणसं कमी झाली नाहीत. ‘तुमची मातृभाषा?’ असं विचारल्यावर घरात अहिराणी बोलणारा माणूस ‘मराठी’ सांगून मोकळा होतो. लेवा गणबोलीचा माणूस तर मराठीतच मोजला जातो. या लाजेवर संमेलनाच्या ठरावाने काही होत नाही. त्याउलट गेल्या काही वर्षांत अहिराणी गाणी मोबाइलवर धुमाकूळ घालतात. ‘हाई झुमकावाली पोर’ खान्देशाबाहेरच्या लग्नांतही वाजतं. मालेगावचे छोटू दादा आपल्या विनोदी फिल्मांवर खान्देशाचं नाव मिरवतात, आणि त्या फिल्मा बघताना कुणी विचारत नाही की नट कोणत्या समाजाचा. ही कामं कुठल्या मंडळाने केलेली नाहीत. त्यातलं सगळंच चांगलं आहे असं नाही, बरंचसं उथळ आहे. पण पोराने आपली बोली मोठ्याने लावली, ही गोष्ट कोशांनाही जमली नव्हती.

मग संस्थांनी करायचं काय? मोठं स्मारक बांधणं हे एक उत्तर आहे, आणि या गावाला स्मारकाचं किती अप्रूप आहे हे मला माहीत आहे. त्यावर बोलायला पुढारी आहेत. मी एक लहान आणि चिकाटीचं काम सुचवतो. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक. त्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती पद्धत: प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ‘लोकगीत’ म्हणून तिला बिननावाची करून टाकलेली नाही. खान्देशात असं काम पूर्णत्वाला गेलेलं नाही, आणि ऐंशी वर्षांच्या बाया दर पावसाळ्याला कमी होत आहेत.

प्रत्येक समाजाचं मंडळ दरवर्षी एक पुस्तक न चुकता काढतं: वधू-वर परिचय सूची. साहित्य परिषदा बंद पडतील, ती पडणार नाही. जाडजूड, रंगीत, घरोघर जाणारी. त्या सूचीत यंदापासून सोळा पानं राखून ठेवा. त्यांत समाजातल्या गाणाऱ्या बायांची गाणी, म्हणी, पदार्थांच्या रीती, नाव-गाव-वयासकट छापा. उच्चार जसा असेल तसा, ‘शुद्ध’ न करता. आणि अट एकच: सोळातली चार पानं शेजारच्या समाजाची. लेवांच्या सूचीत चार पानं तडवी बायांची, तडवींच्या सूचीत चार पानं लेवांची, गुजरांच्या सूचीत पावऱ्यांची. संपादक तुमचाच असू दे, पण ती चार पानं गोळा करायला त्याने स्वतः त्या वस्तीत जायला हवं, फोनवर नाही.

असोद्यापासून सुरुवात करू. ध्वनिमुद्रणाला आता मोबाइल पुरतो. ज्या पोरी कॉलेजला जळगावला जातात त्यांना आठवड्यातला एक रविवार द्यावा लागेल. पहिली यादी आजच करू. गावात ज्या ज्या घरात गाणारी आजी आहे, मग ते घर कुठल्याही आळीतलं असो, त्या घरातल्या कुणी उठून जायच्या आधी इथे डाव्या बाजूच्या टेबलावर आजीचं नाव आणि माहेर लिहून जावं.